दिवाळीनंतरचे डोंगर

मुंबई-पुण्याची माणसं कर्जत-खालापूरला जातात ती नेमकी चुकीच्या महिन्यात. जुलैचा रविवार, पहाटेची कर्जत लोकल, डब्यात रेनकोटवाली टोळकी, कुणाच्या तरी खिशातल्या स्पीकरवर गाणी, आणि भिवपुरी रोड आलं की अर्धा डबा रिकामा. धबधबा गाठायचा, भिजायचं, वडापाव खायचा, संध्याकाळी चेंगरत परत. सप्टेंबरपर्यंत हे असंच चालतं. मग पाऊस ओसरतो, गणपती-नवरात्र आटोपतं, आणि ज्या दिवसांत लहान मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन खुशाल या डोंगरांत जावं, नेमक्या त्या दिवसांत तिथे शुकशुकाट असतो.

हा मोसम दिवाळीनंतर सुरू होतो. खाचरांतलं भात कापायला आलेलं असतं किंवा कापून झालेलं असतं. पायवाटांवरचं शेवाळ वाळून पायाखाली पकड आलेली असते, ओढ्यांना अजून पाणी असतं पण ते घोट्याएवढंच, आणि उतारांवर सोनकीचा पिवळा रंग शिल्लक असतो. तिथपासून फेब्रुवारी संपेपर्यंत साडेतीन-चार महिने मिळतात. या लेखातल्या जवळजवळ सगळ्या जागा त्या चार महिन्यांसाठी आहेत.

पावसाळ्याबद्दल इतकं कडक का बोलायचं, तेही आधी सांगून टाकतो. रायगड जिल्हा प्रशासन दर पावसाळ्यात कर्जत-खालापुरातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर बंदीचे आदेश काढतं, आणि दर वर्षी ते मोडून गेलेला कुणीतरी बुडाल्याची बातमी येते. पण मला बुडण्यापेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकूर समाजाची वाडी, माणसं झोपेत. वर जायला गाडीरस्ता नाही, चढ तासाभराचा, त्यात पाऊस. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. २७ जणांचे मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ताच राहिले, आणि चौथ्या दिवशी शोध थांबवावा लागला. धोकादायक गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. वाचलेल्यांसाठी पुढे सिडकोनं पायथ्याला नानिवलीजवळ घरं बांधली.

'गावकरी तर रोज वर-खाली करतात, आपल्याला काय होतंय' हा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. त्यांच्या पिढ्या त्या उतारावर गेल्या, तिथला दगडन्‌दगड त्यांच्या ओळखीचा होता, आणि तरी त्या रात्री त्यांना काही कळलं नाही. महिन्याला पगार घेणाऱ्या आणि रविवारी बूट घालणाऱ्या आपल्यासारख्यांनी सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर घेऊन त्या दिवसांत तिथे जाण्याला धाडसही म्हणता येत नाही. इर्शाळगड पूर्वी सहलींच्या सगळ्या याद्यांत असायचा, शेंड्याजवळच्या नेढ्यामुळे, म्हणजे कातळातल्या आरपार भोकामुळे. शेवटचा टप्पा दोराचा असल्यानं तो कुटुंबासाठी तसाही नव्हताच. आता तर तिथे सहलीला जाऊ नये असंच मला वाटतं.

पावसातच जायचा हट्ट असेल तर सपाटीवर जा. जुलैत कर्जतच्या खाचरांत आवणी चालू असते. बांधावर उभं राहून मुलांना गुडघाभर चिखलात उतरू द्यायचं, चार ओळी लावू द्यायच्या, त्या ओळी वाकड्या येतात आणि मागून कुणीतरी बाई हसत त्या सरळ करतात. इथल्या भात संशोधन केंद्रानं काढलेल्या 'कर्जत-३'सारख्या जाती कोकणभर लावल्या जातात. नेरळजवळच्या सगुणा बागेनं, म्हणजे चंद्रशेखर भडसावळे यांनी, शेतीपर्यटन हा शब्द फारसा कुणाला ठाऊक नव्हता तेव्हाच शहरातली माणसं अशी शेतात आणायला सुरुवात केली. आता अनेक शेतकरी हे करतात. आधी फोन करून जावं, इतकंच.

आता पोचायचं कसं. या भागाची चैन अशी की गाडी लागत नाही. सीएसएमटीहून कर्जत सुमारे शंभर किलोमीटर, लोकलनं दोन तासांच्या आसपास. कर्जतच्या पुढे पलसदरी, केळवली, डोलवली, लौजी, खोपोली अशी एक छोटी शाखा जाते. फेऱ्या मोजक्या, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवायची. आणि एक सापळा: भिवपुरी रोड स्टेशन आणि भिवपुरी गाव यांचा एकमेकांशी संबंध फक्त नावापुरता. टाटांचं वीजकेंद्र असलेलं भिवपुरी कर्जतच्या पूर्वेला सह्याद्रीच्या भिंतीखाली आहे, स्टेशन पश्चिमेला माथेरानच्या कुशीत. स्टेशनवर उतरून वीजकेंद्राची चौकशी करणाऱ्याला रिक्षावाले मोठ्या सहानुभूतीनं कर्जतला परत पाठवतात. स्टेशनबाहेर एसटी, सहा आसनी, इको असं काहीतरी मिळतंच. गाडीवाल्याला परतीलाही बोलावून ठेवावं, कारण दुपारनंतर वाड्यांकडून कर्जतकडे येणारं वाहन कमी असतं.

खोपोलीच्या त्या छोट्या शाखेत मुलांना खिडकीशी बसवा आणि सांगा की ही बोरघाटातल्या रुळांपेक्षा जुनी आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वे १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आली आणि घाटाच्या पायथ्याशी थांबली. वर खंडाळ्याहून पुण्याकडची गाडी १८५८ मध्ये सुरू झाली. मधल्या उभ्या घाटात रूळ पडायला १८६३ उजाडलं. तोवर उतारू खोपोलीला उतरून पालखीत, तट्टावर, नाहीतर पायी घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. घाट तयार झाल्यावर मुख्य गाड्या कर्जतहून थेट वर जाऊ लागल्या आणि खोपोली एका फाट्याचं शेवटचं स्टेशन होऊन राहिली. चढासाठी कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं जोडतात. ती जोडेपर्यंत गाडी थांबते, आणि त्या थांब्यावरच कर्जतचा बटाटेवडा प्रसिद्ध झाला.

पहिल्याच फेरीला कुठे जावं असं कुणी विचारलं तर मी सोंडाईचा गड सांगतो. कर्जत-चौक रस्त्यावर बोरगाव फाट्यानं आत वळायचं, वावर्ल्याच्या बाजूनं सोंडेवाडीपर्यंत जायचं. वाडीच मुळात बऱ्याच उंचीवर आहे, त्यामुळे उरलेला चढ मोठ्यांच्या पायांनी तासाभराचा. सात-आठ वर्षांचं मूल असेल तर दीड-दोन तास धरा. मुलाला चढ कठीण जात नाही, ते थांबतं फार. एक किडा, एक काठी, एक गोगलगायीचा रिकामा शंख, आणि वीस मिनिटं गेली. ज्या पालकांना हे चालत नाही त्यांनी मुलांना घरी ठेवावं.

वाट वाडीच्या मागून सुरू होते. सुरुवातीला गुरांच्या वाटा इतक्या फुटतात की कुठली वरची नि कुठली झऱ्याकडची ते कळत नाही. वाडीतल्या कुणाला तरी, बहुतेक वेळा शाळेला सुट्टी असलेल्या एखाद्या पोराला, वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावं आणि ठरवून पैसे द्यावेत. मग कारवीचं रान, एक पठार, पुढे कातळात खोदलेल्या पायऱ्या आणि पाण्याची टाकी. शेवटी कातळाचा एक उभा टप्पा आहे. पूर्वी तिथे हात-पाय लावून चढावं लागे. आता लोखंडी शिडी आहे. लहान मुलाच्या पुढे एक मोठा, मागे एक मोठा, शिडीवर एका वेळी एक जण. शिडी सुरू होण्याआधी मुलांच्या पाठीवरच्या पिशव्या खालीच काढून ठेवाव्यात.

माथा म्हणजे मोजकी सपाट जागा, तिथे सोंडाई देवी उघड्यावर बसलेली. माथा देवीचा, म्हणून वाडीची माणसं वर जाताना चपला खाली काढतात. आपणही काढाव्यात. अनवाणी पायाला कातळ सकाळी नऊला गार लागतो आणि अकराला पोळतो, त्यावरून किती वाजता खाली निघायचं ते घड्याळाशिवाय कळतं. वरून एका बाजूला माथेरानची लांबलचक कड, समोर इर्शाळ आणि त्याच्या पाठीमागे प्रबळ, खाली मोरबे धरणाचं पाणी. हे धरण नवी मुंबई महापालिकेच्या मालकीचं. नेरूळ-वाशीच्या मुलांना सांगायचं की सकाळी दात घासताना नळाला आलं ते हे पाणी. इर्शाळच्या अंगावरचा मातीचा ओरखडा इथून ओळखता येतो. मुलं विचारतात. सांगावं.

या मोसमात वाटांवर दोन गोष्टी छळतात. पहिली कुसळं. गवत वाळलं की ती मोज्यांत अशी घुसतात की घरी येऊन चिमट्यानं काढावी लागतात. उपाय म्हणजे लांब पँट आणि मोज्यांवरून ओढलेली तिची कड. दुसरी खाजकुयली. डिसेंबरपासून तिच्या मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगा झुडपांवर लोंबतात आणि मुलांना हटकून हात लावावासा वाटतो. एकदा दुरून दाखवून ठेवलं की पुरे. कड्यांना आग्या मोहोळं असतात. त्यांच्याखाली आरडाओरडा नाही, धूर नाही, अत्तर-परफ्यूम नाही. आणि दगडाच्या फटीत हात घालायचा नाही, कारण या कातळावर फुरसं असतं. भीती दाखवायची म्हणून हे सांगत नाही. वाडीतली मुलं या चार गोष्टी पाच वर्षांची होईतो शिकलेली असतात.

वाटांचं म्हणाल तर इथली एकही वाट पर्यटकांसाठी पडलेली नाही. बाजाराची, लाकडांची, देवीची, नाहीतर वरच्या शाळेची. माथेरानचा 'शोध' मे १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट यानं लावला असं पाठ्यपुस्तकापासून हॉटेलच्या पत्रकापर्यंत सगळीकडे छापलेलं असतं. साहेबाचा मुक्काम चौकला होता आणि तिथून वन ट्री हिलच्या अंगानं तो वर गेला, तेही गावचा माणूस बरोबर घेऊन. म्हणजे वाट होती, ती जाणणारा होता, साहेबाला ती दाखवली गेली. बोरघाटातल्या शिंग्रोबाचीही अशीच कथा. घाटाची वाट एका धनगरानं इंग्रजांना दाखवली आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, असं सांगतात. कागदोपत्री याला आधार असो-नसो, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरच्या त्याच्या देवळाशी गाड्या अजूनही थबकतात.

माथेरान स्वतः कर्जत तालुक्यात मोडतं, हे पुष्कळांना ऐकून नवल वाटतं. नेरळहून वर जाणारी छोटी गाडी आदमजी पीरभॉय कुटुंबानं बांधली, ती १९०७ मध्ये सुरू झाली. वर मोटारींना बंदी आहे, त्यामुळे तीन वर्षांच्या मुलाचा हात सोडून चालता येईल अशी ही महाराष्ट्रातली दुर्मिळ जागा. दस्तुरीहून बाजारापर्यंत लाल मातीतून झाडांच्या सावलीत चालायचं, घोड्यांना वाट द्यायची. माथेरानवर सगळे लिहितात, म्हणून मी इथेच थांबतो. फक्त एक: याच गावात १९१२ मध्ये विठ्ठल लक्ष्मण कोतवाल जन्मले. भाई कोतवालांचा आझाद दस्ता १९४२ मध्ये याच डोंगरांत लपत-छपत टाटांच्या वीजवाहिन्यांचे मनोरे पाडत होता. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. त्यांचं नाव नेरळ-माथेरानात ठिकठिकाणी दिसेल. मुलांनी विचारलं तर उत्तर तयार असावं.

थोडी मोठी मुलं असतील, दहा-बाराच्या पुढची, तर दिवस मोकळा ठेवून कोथळीगड. गावाकडे याला पेठचा किल्ला म्हणतात. कर्जतहून कशेळेमार्गे आंबिवलीला जायचं. आंबिवलीतून पेठपर्यंत रुंद कच्ची वाट आहे, वळणं घेत चढणारी, दीड-दोन तासांची. अरुंद नाही, निसरडी नाही, चुकायला जागा नाही. कंटाळवाणी आहे असं काही जण म्हणतात. ज्यांना मुलांशी दोन तास गप्पा मारायच्या असतील त्यांना ती कंटाळवाणी वाटणार नाही. वळणावर वळण येतं आणि प्रत्येक वेळी वर तो सुळका दिसतो, पठारावर उलटं ठेवलेलं नरसाळं असावं तसा.

पेठ गावात पोचलात की आधी जेवणाचं सांगून पुढे जा. तांदळाची भाकरी, पिठलं, ठेचा, असेल तर वालाचं बिरडं. तुम्ही गडावरून उतरेपर्यंत भाकऱ्या थापून होतात, दोन्ही बाजूंचा वेळ वाचतो. गावापासून सुळक्याच्या पायथ्याशी अर्धा-पाऊण तास. हा चढ मात्र दमवणारा. तिथे भैरोबाची गुहा लागते: आत मोठं सपाट दालन, कोरलेले खांब, त्यांवर मूर्ती. बाहेरच्या उन्हातून आत शिरल्यावर पहिली दोन मिनिटं काही दिसत नाही. मग खांबावरची एकेक आकृती दिसायला लागते. मुलांना टॉर्च लावू देऊ नका, डोळे स्थिरावू द्या.

आणि मग या गडाची खरी गंमत. सुळक्याच्या वर जायची वाट सुळक्याच्या पोटातून जाते. अखंड कातळ आतून कोरून जिना काढलेला आहे, वळत वर जाणारा, पायऱ्या अशा उंच की लहान मुलांना हात टेकून चढावं लागतं. दोन्ही बाजूंना भिंत असल्यानं बाहेर पडायची भीती नाही, तरी कोपर खरचटतं. कातळ गार, टाकीच्या घावांच्या तिरक्या रेघा भिंतीवर अजून स्पष्ट. मधेच उजेडाचा एक तुकडा येतो, मग पुन्हा अंधार, आणि अचानक आपण माथ्यावर. सह्याद्रीत उंच किल्ले पुष्कळ आहेत, पण डोंगराच्या आतून डोंगर चढायचा असं फार थोड्या ठिकाणी घडतं. संभाजी महाराजांच्या काळात, १६८४ मध्ये, हा गड मोगलांनी घेतला. गडावर जुन्या तोफा अजून पडलेल्या दिसतात. माथ्यावरून भीमाशंकराच्या बाजूची भिंत, खाली पेठची कौलं. माथा लहान आहे आणि कडेला कठडा नाही, तेव्हा मुलांनी बसूनच खाऊ खायचा. ज्यांच्याने हा चढ होणार नाही त्यांना आंबिवलीतच चिल्लार नदीच्या काठची लेणी पाहता येतात. रस्त्यापासून जवळ, एक मोठं दालन, कडेनं भिक्षूंच्या खोल्या.

लेणीच पाहायची तर कोंढाणं. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत गाडी जाते. पुढे उल्हासच्या खोऱ्यातून, राजमाचीच्या पायथ्याच्या रानातून तासाभराची चाल. शेवटी थोडा चढ, बाकी सावली. साधारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातलं हे काम, कार्ले-भाज्यांच्या घराण्यातलं, पण घाटाखालचं. कल्याण-सोपाऱ्याकडून माल घेऊन घाट चढणाऱ्या तांड्यांच्या वाटेवरचं. चैत्यगृहातला स्तूप आणि खांब झिजले-तुटले आहेत, तरी दर्शनी कमानीवरचं कोरीव काम पाहा. लाकडी घरासारखी बारीक तुळयांची टोकं, जाळ्या, सगळं दगडात. बाजूला एका भग्न यक्षाजवळ ब्राह्मी अक्षरांची ओळ आहे: कण्हाचा शिष्य बलक यानं हे केलं, अशा अर्थाची. इतक्या जुन्या लेण्यांवर देणगीदारांची नावं ढिगानं सापडतात, करणाऱ्याचं नाव क्वचित. म्हणूनच त्या भिंतीपासून चार हातांवर कुणीतरी बदाम काढून त्यात कोरलेली आपली नावं पाहिली की संताप होतो. इथून राजमाचीला जाणारी वाट उभी आहे. कुटुंबानं लेण्यांवरूनच मागे फिरावं.

आजी-आजोबांना कुठे न्यायचं? पलसदरी. स्टेशनवर उतरून रमतगमत चाललं की रेल्वेचं जुनं धरण येतं. काठावर बसून पक्षी बघायचे, स्वामी समर्थांच्या मठात जाऊन यायचं, पुढच्या लोकलनं परत. पाण्यात उतरायचं नाही. हिवाळ्यात ते शांत दिसतं, पण तळ खोल आहे. दुसरी जागा खोपोली. नाना फडणवीसांनी बांधवलेलं वीरेश्वराचं देऊळ आणि तलाव स्टेशनपासून लांब नाही. तलावाच्या पायऱ्यांवरून घाटाकडे पाहिलं की डोंगरावरून उतरणारे मोठे नळ दिसतात. १९१५ मध्ये टाटांनी घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवलं, ते या नळांतून खाली सोडलं आणि मुंबईच्या गिरण्यांना वीज दिली. वीज करून झालेलं पाणी पाताळगंगेत जातं, म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहते. १९२२ मध्ये सुरू झालेल्या भिवपुरी केंद्राचं पाणी तसंच राजनाला कालव्यातून कर्जतच्या शेतांना मिळतं आणि उन्हाळ्यात तिथे दुबार भात हिरवं दिसतं. खोपोलीहून महडचा वरदविनायक जवळच. अष्टविनायकांपैकी एक, पण इथली गर्दी सोसवते. चतुर्थी टाळून जा.

चालणं-चढणं बाजूला ठेवून या भागाचा सगळ्यात चांगला उघड्यावरचा कार्यक्रम कुठला असेल तर पोपटी. डिसेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल राहते तिच्यावर वाल पेरतात, आणि शेंगा भरल्या की संध्याकाळी शेतात पोपटी लागते. बांधावर भांबुर्डा नावाचं उग्र वासाचं रोप उगवतं. त्याचा पाला मुलांनी गोळा करायचा, हे त्यांचं काम. मातीच्या मडक्यात तळाला पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मग अंडी, बटाटे, रताळी, खाणारे असतील तर मसाला लावून केळीच्या पानात बांधलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी पाला गच्च दाबून बसवायचा, इतका की मडकं उपडं केलं तरी काही सांडू नये. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती काटक्या, पेंढा, गोवऱ्या रचून पेटवायचं.

जाळ अर्धा तास तरी. झालं की नाही हे ओळखायची रीत अशी: मडक्यावर पाण्याचे चार थेंब उडवायचे. चुर्र होऊन क्षणात वाळले तर झालं, ओघळले तर अजून थोडा पेंढा टाकायचा. मग काठीनं निखारे बाजूला सारून, ओल्या गोणपाटानं धरून मडकं उलटायचं आणि सगळं वर्तमानपत्रावर ओतायचं. शेंगा सोलताना बोटं भाजतात, भांबुर्ड्याचा वास तीन दिवस कपड्यांना राहतो. हॉटेलं आणि रिसॉर्टं आता 'पोपटी नाइट' करतात, रोषणाई आणि डीजेसह. तिथेही शेंगा तशाच भाजतात म्हणा. पण एखादा ओळखीचा शेतकरी गाठता आला, दोन दिवस आधी सांगता आलं, तर मुलांना पाला तोडण्यापासून राख चाळण्यापर्यंत सगळं स्वतः करता येतं. सगळं आटोपल्यावर निखाऱ्यांवर पाणी ओतूनच निघायचं. फेब्रुवारीनंतर वाळल्या गवताला ठिणगी लागली की वणवा डोंगरभर जातो. होळीनंतर या उतारांवर जे काळे पट्टे दिसतात, त्यांतले कित्येक कुणाच्या तरी निष्काळजीपणाचे असतात.

उन्हाळ्यात चढ नकोच. मे महिन्यात फार तर पहाटे उतरून रानाच्या कडेनं फिरायचं. करवंदं, जांभळं पिकलेली असतात. ऊन चढायच्या आत स्टेशनवर परत, आणि तिथे पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या बायकांकडून उरलेली घ्यायची.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला मात्र एक दिवस उंबरखिंडीसाठी राखून ठेवा. खोपोली-पाली रस्त्यानं जाऊन शेमडीच्या फाट्यानं आत वळलं की अंबा नदीकाठचं चावणी गाव येतं. खालापूर तालुक्यातलंच. तिथवर गाडी जाते, चढ नाही, लढाईच्या स्मारकाशी सावली आणि नदीचं पाणी आहे. आजी-आजोबा, कडेवरचं मूल, सगळे येऊ शकतात. २ फेब्रुवारी १६६१ ला इथे शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज अडवली. शाहिस्तेखानानं पुण्याहून धाडलेली ही फौज लोणावळ्याकडून कुरवंडे घाट उतरून कोकणात निघाली होती, सोबत रायबागन ही मोगलांची सरदारीण होती. जंगल इतकं दाट आणि वाट इतकी चिंचोळी की शत्रू समोर येईपर्यंत दिसला नाही. मागची वाट बंद, पुढची बंद, दोन्ही अंगांनी झाडीतून मारा, आणि पाणीही मिळेना.

हे सगळं स्मारकाच्या फलकावर वाचण्यापेक्षा मुलांना नदीच्या पात्रात, कोरड्या गोट्यांवर उभं करावं. पूर्वेकडे मान वर करून घाटाची भिंत बघायला सांगावी: फौज तिथून उतरली. मग दोन्ही बाजूंची टेकाडं बघायची: मावळे तिथे बसले. मग पुढे वाट कुठे निमुळती होते ते शोधायचं. निम्म्यांना खानाचे सैनिक करावं, निम्म्यांना झाडीत पाठवावं. पाच मिनिटांत कळतं की तलवारी किती होत्या हा प्रश्नच नव्हता, उभं कुठे राहायचं हा होता. इथे डोंगरच लढला असं कुणी म्हणालं तर मला पटणार नाही. डोंगर तर खानालाही तोच होता, पण तो वाचता येणारी माणसं फक्त एका बाजूला होती.

शेवटी रायबागननं खानाला शरण जायला लावलं. महाराजांनी सगळ्यांना जिवंत सोडलं. खेळ संपवून बिस्किटं खाताना कुठलं तरी मूल हमखास विचारतं, मग खान बाहेर कसा पडला? ज्या घाटानं उतरला त्याच घाटानं वर गेला. खजिना, हत्यारं, घोडे सगळं इथे नदीकाठी ठेवून.